नववीपासून इंजिनिअरिंगची तयारी: शाळेनं नेमकं काय करावं?

प्रश्न असा आला आहे: "राधानगरी तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. वर्गात सेमी-इंग्रजीची मुलं आहेत, पूर्ण मराठी माध्यमाची आहेत. कुणाचे आई-वडील शेतमजूर, कुणाचे वडील शिरोलीला फाउंड्रीत, एकीच्या घरी इचलकरंजीहून आणलेले दोन माग. पंधरा-वीस मुला-मुलींना इंजिनिअर व्हायचं आहे. क्लास लावण्याची ऐपत चार-पाच घरांचीच. शाळेनं काय करावं?"

मॅडम, इंजिनिअरिंगची तयारी म्हटलं की पालकांच्या आणि आपल्याही डोक्यात आधी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, येते. पण चांगलं पर्सेंटाइल काढून आत गेलेली मुलंसुद्धा पहिल्याच सेमिस्टरला गणित, ग्राफिक्स (वस्तूंची मापात चित्रं काढणं) आणि मेकॅनिक्समध्ये (बलांचा हिशेब) अडकतात. त्यांचे पेपर उघडून बघितले तर इंटिग्रेशनची रीत बहुतेक वेळा बरोबर असते. चुकलेला असतो तो अपूर्णांकाचा छेद. कंसाबाहेरचं वजा चिन्ह आतल्या दुसऱ्या पदाला लागलेलं नसतं, सेंटिमीटरचे मीटर केलेले नसतात, वस्तू वरून कशी दिसेल ते डोळ्यांसमोर येत नसतं. हे सगळं सातवी ते नववीतलं आहे, म्हणजे तुमच्या हातातलं आहे, आणि त्याला क्लासची फी लागत नाही. म्हणून शाळेनं मुलांना पहिल्या सेमिस्टरसाठी तयार करावं. सीईटीची निम्मी तयारी त्यातच होऊन जाते.

सुरुवात चाचणीनं करा. नववीची पहिली सहामाही संपून दिवाळीची सुट्टी झाली की पहिल्याच आठवड्यात वीस प्रश्न, चाळीस मिनिटं. गुण द्यायचे नाहीत, फक्त कोणता प्रश्न कुणाचा चुकला याचा तक्ता करायचा. प्रश्न साधे हवेत: पाऊण भागिले दोन पंचमांश, उणे तीन वजा उणे सात, ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर, एका चौरस मीटरमध्ये किती चौरस सेंटिमीटर, ०.०००४५ ही संख्या दहाच्या घातांकात. 'व्ही बरोबर यू अधिक एटी' या सूत्रातून टी वेगळा काढा. एका आलेखावरून दोन बिंदूंमधला चढ. आणि चार ओळींचा एक शाब्दिक प्रश्न, ज्यात सोडवायचं काही नाही, फक्त दिलेलं काय आणि विचारलंय काय एवढंच लिहायचं.

या चाचणीत तीन चुका हमखास सापडतील. पहिली, चौरस मीटरचे शंभर चौरस सेंटिमीटर. ही चूक तोंडी सांगून जात नाही. वर्गाच्या फरशीवर खडूनं एक मीटर बाजूचा चौकोन काढा, आलेख-कागदातला एक सेंटिमीटरचा चौकोन कापून त्याच्या कोपऱ्यात ठेवा आणि एका ओळीत असे किती बसतील, ओळी किती होतील ते विचारा. शंभर गुणिले शंभर हे मूल स्वतः म्हणेल. मग घनमीटरचं विचारा; दहा लाख ऐकून वर्ग गप्प होतो, आणि ती गप्प होण्याची वेळ महत्त्वाची असते. दुसरी चूक, 'क्ष अधिक तीन, भागिले तीन' यात वरचा तीन आणि खालचा तीन कापून क्ष उरवणं. इथे नियम सांगू नका, क्ष ला सहा द्या. नऊ भागिले तीन म्हणजे तीन. तुमच्या रीतीनं सहा आले. शंका आली की संख्या घालून बघायची, ही सवय पुढे चार वर्षं उपयोगी पडते. तिसरी चूक सूत्र उलटं करण्याची. टी काढायला सांगितला की मुलं यू आणि ए दोन्ही एकदम पलीकडे भागाकारात नेतात. 'पलीकडे नेणं' हा शब्दच काही महिने बंद ठेवा. 'दोन्ही बाजूंतून यू वजा करू, मग दोन्ही बाजूंना ए नं भागू' असं बोलायला लावा.

तक्ता झाल्यावर हुशार आणि कच्ची अशा दोन तुकड्या करू नका. अपूर्णांकात पक्की असलेली मुलगी एककांत अडखळते, एककं येणारा मुलगा चिन्हांत. दोघांना शेजारी बसवा. रोज पहिल्या तासाची दहा मिनिटं आणि शनिवारी दीड तास एवढा वेळ शाळेत निघतो. प्रत्येकाची एक चुकांची वही असावी: डावीकडे चूक जशी केली तशी, उजवीकडे दुरुस्ती, खाली ती का झाली याची एक ओळ. दहावीच्या सराव परीक्षेआधी मुलांनी गाइड नाही, ही वही वाचावी. फेब्रुवारीत तीच चाचणी आकडे बदलून परत घ्या.

भाषेचा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. पालकांना वाटतं इंग्रजी बोलता आलं पाहिजे. पहिल्या वर्षाला बोलण्यापेक्षा वाचण्याची अडचण मोठी असते, आणि वाचण्यातही ती वीस-पंचवीस शब्दांपुरती असते. भौतिकशास्त्राच्या गणितात 'स्मूद' लिहिलं असेल तर गुळगुळीत असं भाषांतर करून भागत नाही. घर्षण शून्य धरा, असा तो हुकूम आहे. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे दोरीचं वजन सोडून द्या. 'युनिफॉर्म रॉड' म्हणजे दांड्याचं वजन बरोबर मध्यावर. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, हा आकडा प्रश्नात कुठेच छापलेला नसतो आणि मुलं 'माहिती अपुरी' म्हणून सोडून देतात. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे त्याच क्रमानं. 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट' संभाव्यतेच्या प्रकरणात उलटे घेतले जातात. या शब्दांचा तक्ता वर्गात भिंतीवर लावा, समोर अर्थ न लिहिता 'म्हणून काय धरायचं' ते लिहा.

मराठी माध्यमाच्या मुलांचा एक फायदा फारसा कुणी लक्षात घेत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात चाल आणि वेग, बल आणि शक्ती, वस्तुमान आणि वजन हे शब्द नेमके वेगळे आहेत. ज्या मुलानं हा फरक मराठीत पक्का केला, त्याला इंग्रजी शब्द शिकायला एक महिना लागतो. ज्यानं दोन्ही इंग्रजी शब्द अर्थ न कळता पाठ केले, त्याला फार जड जातं. म्हणून दहावीपर्यंत संकल्पना मराठीत घट्ट करा, संज्ञा दोन्ही भाषांत लिहायला लावा, आणि रोज एक प्रश्न इंग्रजीतून वाचून मराठीत समजावून सांगायला लावा. सीईटीत भौतिक आणि रसायन मराठीतून देता येतं, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो, एवढं अकरावीला जाण्याआधी त्यांना माहीत हवं. प्रवेशानंतरही मराठी सुटत नाही: एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) पदवी आणि पदविकेच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत काढलेली आहेत आणि ती ई-कुंभ पोर्टलवर फुकट मिळतात.

आता तुमच्या वर्गातल्या वेगवेगळ्या घरांबद्दल. यात अडचण कमी आणि भांडवल जास्त आहे. शेतकऱ्याच्या मुलाला मोटर-पंप माहीत आहे, फाउंड्री कामगाराच्या मुलीनं साचा, कोअर, कास्टिंग हे शब्द जेवताना ऐकलेले आहेत, मागवाल्याच्या घरी ताणा-बाणा रोजचा. दर पंधरवड्याला एका घरातला विषय घ्या आणि त्या घरच्या मुलाला माहीतगार म्हणून उभं करा. एरवी मागच्या बाकावर बसणारं मूल त्या दिवशी फळ्याजवळ येतं. शिवाय आकडे खरे असतात, त्यामुळे उत्तर विचित्र आलं की मुलांनाच कळतं.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सचा गाभा त्यात आहे. गळिताच्या हंगामात चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पाहिली आहेत. का उचलतात? मुलं म्हणतील 'लोड जास्त'. मग फळ्यावर ट्रॅक्टरचं बाजूनं साधं चित्र काढा. ट्रॅक्टरचं वजन दोन हजार किलो धरा, पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर दोन मीटर, वजनाचा मध्य मागच्या धुऱ्याच्या पुढे ०.८ मीटर. ट्रॉली दोन चाकी, तिचा हूक मागच्या धुऱ्याच्या मागे अर्धा मीटर आणि जमिनीपासून अर्धा मीटर उंच. ऊस ट्रॉलीत पुढच्या बाजूला जास्त रचला म्हणून हुकावर सरळ खाली दोन हजार किलोचा भार आला. ट्रॉली ऊस धरून पंधरा टनांची, चढ विसाला एक, म्हणजे चढासाठी ओढ ७५० किलो. रस्त्याच्या अडवणुकीसाठी वजनाच्या तीन टक्के धरले तर ४५० किलो. एकूण ओढ १२०० किलो.

आता मागचं चाक जिथे जमिनीला टेकतं त्या बिंदूभोवती हिशेब करा. ट्रॅक्टरला पुढे दाबून धरणारी बाजू: २००० गुणिले ०.८, म्हणजे १६००. मागे उलटवणारी बाजू: हुकावरचा भार २००० गुणिले ०.५ म्हणजे १०००, आणि ओढ १२०० गुणिले ०.५ म्हणजे ६००. बेरीज तीच, १६००. पुढच्या चाकांवर काहीच भार उरला नाही. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळणार नाही. इथून प्रश्न मुलांकडून येऊ द्या. हूक वीस सेंटिमीटर खाली घेतला तर? ऊस ट्रॉलीच्या चाकावर बरोबर रचला तर? पुढच्या बंपरवर दोनशे किलोचं वजन लावलं तर, आणि ते धुऱ्यापासून किती पुढे असलं तर? चढावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही थोडं मागे कलतं, ते आपण सोडून दिलं. हिशेबात घेतलं तर उत्तर सुरक्षित बाजूला जाईल की धोक्याच्या, हाही चांगला प्रश्न आहे.

या चित्रात तीन गोष्टी चुकतात आणि कॉलेजातही त्याच चुकतात. मुलं ट्रॉलीचे सगळे पंधरा टन ट्रॅक्टरवर काढतात; ट्रॅक्टरवर येतं ते फक्त हुकातून येणारं बल, बाकीचं ट्रॉलीची चाकं पेलतात. दुसरं, बाणांची टोकं कुठे आहेत ते दाखवत नाहीत. तिसरं, अंतर तिरकं मोजतात. खालच्या दिशेच्या बलासाठी आडवं अंतर आणि आडव्या बलासाठी उभं अंतर, हे पट्टी ठेवून दाखवावं लागतं. नववीतल्या मुलाला एवढं चित्र स्वच्छ काढता आलं की 'फ्री बॉडी डायग्राम' हे नाव पुढे कधीही शिकवता येतं.

पंपाचा प्रयोग शिवारात करा. दोनशे लिटरचं बॅरल, मोबाइलचं स्टॉपवॉच, तीन वेळा भरून सरासरी. समजा तेहतीस सेकंद लागले, तर सेकंदाला सुमारे सहा लिटर. नदीच्या पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या तोंडापर्यंत उंची पंचवीस मीटर निघाली, तर पाण्याला मिळणारी शक्ती ९.८१ गुणिले ६ गुणिले २५, म्हणजे साधारण १४७० वॉट. मोटरवर लिहिलंय पाच एचपी, म्हणजे ३७३० वॉट. उरलेलं कुठे गेलं? पाइपातलं घर्षण, फूट व्हॉल्व्ह, बेंड, पंपाची स्वतःची गळती; शिवाय मोटर पूर्ण भारावर चालत असेलच असं नाही. नेहमीची चूक म्हणजे उंची काठावरच्या जमिनीपासून मोजणं. पाण्याच्या पातळीपासून मोजायची. मुलांना विहिरीच्या किंवा नदीच्या काठावर एकटं पाठवू नका, आणि मोटरच्या स्टार्टरला हात घरच्या मोठ्या माणसानंच लावावा.

मागाचा हिशेब एका तासिकेत होतो: मिनिटाला दीडशे पिक (पिक म्हणजे कापडात पडणारा एक आडवा धागा), इंचाला पन्नास पिक, एका इंचात २५.४ मिलिमीटर. तासाला साडेचार मीटरच्या वर कापड निघायला हवं. धागा तुटून माग थांबतो तो वेळ पंधरा टक्के धरला तर चार मीटरच्या जरा खाली. एकक बदलण्याचा याहून चांगला सराव पुस्तकात नाही.

चित्र डोळ्यांसमोर उभं करण्याची सवय ही मुलींना नसते, मुलांना असते, असं अजूनही काही ठिकाणी बोललं जातं. ते खरं नाही. सरावाचा फरक आहे, आणि आठ-दहा आठवड्यांत तो भरून निघतो. साधन लागतं कपड्याच्या साबणाची वडी आणि सुरी. वडीचा एक कोपरा तिरका कापा, मध्ये खाच पाडा, टेबलावर ठेवा आणि समोरून, वरून, डाव्या बाजूनं जसं दिसतं तसं तीन चौकटींत काढायला सांगा. न दिसणारी कडा तुटक रेषेनं. पुढच्या आठवड्यात उलटं: तीन चित्रं द्या आणि साबण कापून आणायला सांगा. जे कापून आणतात त्यांना पहिल्या वर्षाचं ग्राफिक्स घाबरवत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना या मुलांना बसवा. त्यातल्या भूमिती आणि अक्षरलेखनाचा हातच इथे लागतो, दहावीला वाढीव गुण मिळतात ते वेगळेच. चित्रकार बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. चित्रकाराचा हात आणि यंत्राची समज ही आपल्याकडे वेगळी मानलेली नाहीत, ती शाळेनंही वेगळी मानू नयेत.

कारखान्याची भेट एकदा तरी घडवा, पण सहलीसारखी नको. एका वेळी पंधरा जण, सोबत दोन शिक्षक. पायात बंद बूट, केस बांधलेले, ओढणी घरी. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावला ओतकाम असतं त्या दिवशी गेलात तर वितळलेलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास साच्यात जाताना दिसेल. तेव्हा मालक दाखवतील त्या रेषेच्या बाहेर उभं राहायचं. मुलांना आधीच प्रश्न वाटून द्या. एकानं विचारायचं, लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा करतात तो नमुना, खऱ्या वस्तूपेक्षा मोठा का ठेवता? (बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण मीटरला दहा मिलिमीटर आकसतं.) दुसरीनं विचारायचं, वाळूत ओल जास्त झाली तर काय होतं? वाफ अडकून कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात, आणि त्या कधीकधी मशीनवर कातताना कळतात, म्हणजे तोवरचा सगळा खर्च वाया. तिसऱ्यानं विचारायचं, इथे डिप्लोमावाला काय करतो, डिग्रीवाला काय करतो आणि आयटीआयवाला काय करतो? इंजिनिअर म्हणजे कॉम्प्युटरसमोरचा माणूस, ही समजूत या तिसऱ्या प्रश्नानं मोडते. परत आल्यावर प्रत्येकी एक पान, त्यात किमान तीन आकडे एककासह.

मुलींच्या बाबतीत शाळेचं काम घरापर्यंत जातं. बारावीपर्यंत एसटीचा पास मुलींना फुकट आहे, त्यामुळे अडचण पैशाची नसते, संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची असते. प्रॅक्टिकल साडेपाचला संपत असेल आणि गावाची गाडी पाचला असेल तर ती मुलगी अकरावी विज्ञानात डिसेंबरपर्यंत टिकत नाही. म्हणून ज्युनिअर कॉलेज निवडताना वेळापत्रक आणि गाडीची वेळ शेजारी ठेवून बघा, कॉलेजच्या नावाआधी. भेटीला आईलाही न्या. वडिलांशी बोलताना 'मुलगी हुशार आहे' याच्यापेक्षा खर्चाचा कागद जास्त उपयोगी पडतो: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एक, प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं हा खर्च उरतोच, तोही त्याच कागदावर लिहा. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला पन्नास हजार देते, उत्पन्नाची मर्यादा तीच. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 'सक्षम' ही शिष्यवृत्ती आहे, त्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) आधी काढलेलं लागतं.

दहावीनंतर अकरावी की डिप्लोमा, याचं उत्तर टक्क्यांवरून देऊ नका. ज्याचं मन हातानं करण्यात रमतं, ज्याच्या घरी तीन वर्षांनी पगार यायला हवा, ज्याला दोन वर्षं नुसत्या पुस्तकांचा ताण सोसणार नाही, त्याला पॉलिटेक्निक चांगलं. कोल्हापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. धोका एका ठिकाणी आहे: थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनी पहिल्या वर्षाचं गणित केलेलं नसतं आणि समोर एम-थ्री (तिसऱ्या सेमिस्टरचं गणित) येतं. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स पुन्हा केलं नाही तर तिथे बॅकलॉग बसतो, म्हणजे विषय मागे राहतो. आयटीआयचा रस्ताही बंद नाही. दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हे तिन्ही रस्ते पालक सभेत फळ्यावर काढून दाखवा, कारण 'अकरावी सायन्स नाही तर काहीच नाही' ही भीती घराघरांत आहे.

अकरावी घेतलेल्यांनी सीईटीच्या गुणांचा हिशेब लवकर समजून घ्यावा. भौतिक पन्नास प्रश्न, रसायन पन्नास, एकेक गुणाचे, दोन्ही मिळून नव्वद मिनिटं. गणित पन्नास प्रश्न, दोन गुणांचे, नव्वद मिनिटं. एकूण दोनशे. म्हणजे निम्मे गुण गणितात, आणि एका प्रश्नाला १०८ सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. जेईई मेनला (देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) मात्र चुकीला एक गुण जातो, दोन्हीची सवय वेगळी ठेवावी. अकरावीचा भाग वीस टक्के आहे म्हणून तो सोडणारे फसतात. त्रिकोणमिती अकरावीत कच्ची राहिली की बारावीचं इंटिग्रेशन उभं राहत नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद जण त्याच्या बरोबरीला किंवा मागे. आणि परीक्षा संगणकावर असते. स्क्रीनकडे बघून कागदावर सोडवायचं, पुन्हा स्क्रीनवर पर्याय शोधायचा, यात सवय नसलेल्या मुलांचे प्रत्येक प्रश्नाला काही सेकंद जातात. शाळेच्या संगणक कक्षात तीन-चार सराव पेपर घेतलेत तरी हे निघून जातं.

राहिली कागदपत्रं. इथे हुशार मुलं निष्कारण मागे पडतात, आणि शाळा हे सर्वांत सहज थांबवू शकते. बोर्डाचा दहावीचा फॉर्म जाण्याआधी प्रत्येकाचं नाव आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक यांत अक्षरशः जुळतं का ते तपासा. वडिलांच्या नावातला एक काना पुढे शिष्यवृत्ती अडवतो. बँक खातं आधारशी जोडलेलं असावं, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे तिथेच येतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता (पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) लागते, आणि त्यासाठी जुना पुरावा: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेतला दाखला यात सर्वांत भक्कम. तो बहुतेक वेळा गावच्या जुन्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरमध्ये असतो, आणि शोधायला महिने लागतात. म्हणून शोध दहावीत सुरू करा, अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत. नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं) ३१ मार्चला संपतं, प्रवेशाच्या वर्षाचं नवं काढायला लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. आठवीच्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायला विसरू नका. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात, अकरावी-बारावीची पुस्तकं आणि प्रवास त्यात निघतो.

केंद्रीय प्रवेश फेरीत कॉलेजांचे पर्याय भरताना टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफ असलेल्या जागांचा) कोड वेगळा भरावा लागतो, नुसतं उत्पन्न कमी आहे म्हणून ती जागा आपोआप मिळत नाही. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, म्हणून पहिल्या ओळीत 'बघू तरी' म्हणून काही टाकू नये. शाखा ठरवताना आधी कॉलेजची प्रयोगशाळा आणि येण्याजाण्याचा खर्च बघा. शहरात राहायचं तर समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या आठवड्यातच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला तिथे जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेचा अर्ज. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी केली, त्यातली बरीच आजही चालू आहेत. त्यांची चौकशी मे महिन्यातच करावी.

सीईटी संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत दोन-अडीच महिने मिळतात. त्यात रोज एक तास: पहिले पंधरा दिवस त्रिकोणमितीची सूत्रं आणि डेरिव्हेटिव्ह, पुढचे पंधरा दिवस साबणाच्या वडीची तीन चित्रं कागदावर मापात, उरलेले दिवस शाळेच्या संगणकावर पायथॉन. लूप आणि अट एवढं आलं तरी पुरे. ट्रॅक्टरचा आणि पंपाचा हिशेब त्याच मुलांना प्रोग्राममध्ये लिहायला लावा, हुकाची उंची दहा-दहा सेंटिमीटरनं बदलून पुढच्या चाकांवरचा भार छापणारा.